तोफेला सायलेन्सर

प्रेमराज: हसू नको कुंदा. पाना सुटला म्हणून मी सुटलो.

कुंदा: पाना तर हा इथं पडलाय, चाकापाशी. तुम्ही पार तिकडं शेणात जाऊन बसलात. एवढं लांब कसे गेलात, तेवढंच विचारून राहिले मी.

प्रेमराज: अंगात ताकद आहे ना बाई. फक्त ती कुठं लावायची ते कळत नाही.

कुंदा: लग्न झाल्यापासून तेच बघून राहिले. उठा. पॅन्ट मागून पुसा. नको, पुसू नका, पसरतंय.

प्रेमराज: दे तो पाना. आणि ते गोणपाट दे. लोकांच्या बायका नवऱ्याला हात देतात, माझी सल्ला देते.

कुंदा: सल्ला कालच दिला होता. म्हटलं होतं, शिंदखेड्याला न्या, मिस्तरीकडून बदलून घ्या.

प्रेमराज: मिस्तरी काय म्हणाला? म्हणाला, भाऊ, सायलेन्सर बदलणं म्हणजे काय, चार नट. मी म्हटलं, चार नट तर मी झोपेत काढीन.

कुंदा: मग झोपून काढा ना. जागेपणी सकाळपासून एक निघालाय.

प्रेमराज: दोन. एक निघाला, एक तुटला. तुटलेला पण निघालेलाच धरतात.

कुंदा: कोण धरतं?

प्रेमराज: मी धरतो. अगं, ट्रॅक्टर एकाहत्तर सालचं. आबांनी आणलं तेव्हापासून या नटांना कोणी हात लावला नाही. रात्री डिझेल सोडून ठेवलं होतं, तरी हलायचं नाव नाही. गंज नाही तो, घरजावई आहे. हातोडा दे. छन्नी पण.

कुंदा: हळू! सारिकाची पोरगी आत्ता झोपली.

प्रेमराज: तिच्यासाठीच तर चाललंय हे. नाही तर मला काय हौस आहे शेणात बसायची? नात सव्वा महिन्याची. हे ट्रॅक्टर कसलं, तोफ! ती खळ्यात शिरली की बिचारी दोन्ही हात वर करून दचकते. दचकतो तर मी पण. पण मी चालवत असतो, म्हणून मला रडता येत नाही.

कुंदा: जावई पुण्याहून फोनवर बोलले तेव्हा तुमचे डोळे उघडले. मी महिनाभर सांगत होते.

प्रेमराज: भूषणराव म्हणाले, मामा, हे नॉईज पोल्युशन आहे. मी म्हटलं, नाही हो, हे ट्रॅक्टर आहे. ते म्हणाले, सायलेन्सर पार गेलेला दिसतो. मी म्हटलं, गेला असता तर बरं झालं असतं, तो जातच नाही, आणि... हां! हललं! कुंदा, हललं!

कुंदा: काय हललं? तुम्ही हलताय.

प्रेमराज: नट हलला. हा तिसरा. आता चौथा एकटा काय करतो? चौथा शरण येतो. बघ. आला. धर, वरून धर, मी उचलतो. एक, दोन... अरे अरे अरे!

कुंदा: हे काय हो? तुमच्या हातात अर्धाच आला.

प्रेमराज: पापड झालाय याचा. हात लावला की चुरा. आत बघ, काहीच नाही. नुसतं नळकांडं. एवढी वर्षं आपण भोंगा लावून फिरत होतो, आणि मी लोकांना सांगायचो, इंजिनात दम आहे म्हणून आवाज येतो.

कुंदा: तुमच्यासारखंच आहे मग. आत काही नाही, आवाज मोठा.

प्रेमराज: हे मी बोलणार होतो. तू पहिले बोललीस. जाऊ दे, नवीन सायलेन्सर काढ डब्यातून.

कुंदा: थांबा. ते काढण्याआधी मला एक सांगा. आबांना सांगितलं का?

प्रेमराज: काय सांगायचं त्यात? ओट्यावर उन्हात बसलेत, बसू दे.

कुंदा: अहो, त्यांना या जगात एवढा एकच आवाज ऐकू येतो. मी पुढ्यात ताट ठेवून ओरडते, तरी भिंतीकडे बघतात. तोंडाकडे बघितलं तरच ओठांवरून थोडं कळतं. तोफ नाल्यात उतरली की मान वर होते. तुम्ही घरी आलात हे त्यांना तोफ सांगते. तोपर्यंत घास उचलत नाहीत.

प्रेमराज: माहीत आहे मला.

कुंदा: आणि उद्यापासून तोफ काही सांगणारच नाही.

प्रेमराज: मग काय करू? इकडं नात दचकते, तिकडं बाप वाट बघतो, मधे मी पाना घेऊन. कानाचं मशीन आणून दिलं होतं ना त्यांना? कुठंय ते?

कुंदा: हरभऱ्याच्या डब्यात. म्हणतात, त्यात माणसं बोलत नाहीत, नुसती भांडी आपटतात.

प्रेमराज: बरोबरच आहे त्यांचं. तू स्वयंपाकघरात असल्यावर मला पण तेच ऐकू येतं.

कुंदा: विषय बदलू नका. आबांना नीट समजावून सांगायचं. खाणाखुणा करून, प्रेमानं. मागच्या होळीसारखं नाही.

प्रेमराज: होळीची गंमत होती गं.

कुंदा: तोफ शेजारच्या लोटनभाऊंच्या खळ्यात लपवली आणि आबांना सांगितलं, विकली. दोन दिवस म्हातारा माणूस रिकाम्या जागेकडे बघत बसला. आणि ती जुनी दिवाळीतली, आबांना थोडं ऐकू यायचं तेव्हाची? डिझेल संपलं म्हणून चार जणांनी ढकलत आणली, आणि तुम्ही वर बसून तोंडानं 'धडधडधड' करत होतात.

प्रेमराज: अन् आबा काय म्हणाले? म्हणाले, इंजिन खोकली राहिनं, तेल बदल. फसले ना!

कुंदा: फसले. मग चाकामागून चार जणांचे पाय दिसले.

प्रेमराज: तिथं मार खाल्ला मी. पायांचा विचारच केला नव्हता. बरं, डब्यावर काय लिहिलंय वाच. देवपूरच्या कॉलेजात शिकलेली बायको केली, तिचा काही तरी उपयोग.

कुंदा: इंग्रजीत आहे. म... फ... मफलर.

प्रेमराज: काय?

कुंदा: मफलर लिहिलंय. तुम्हाला दुकानदारानं सायलेन्सर म्हणूनच दिला ना?

प्रेमराज: दिसतो तर सायलेन्सरसारखाच. इंग्रजीत मफलर म्हणत असतील. थंडीचे दिवस आहेत, तोफेचे कान झाकायला दिला असेल. आण इकडं. बसवून बघू... बसत नाही.

कुंदा: का?

प्रेमराज: खालच्या पट्टीची भोकं जुळत नाहीत. दुकानदार म्हणालाच होता, या गाडीचा आता मिळत नाही, दुसऱ्या गाडीचा देतो, पाहुणा म्हणून बसवून घ्या. कानस दे. भोकं थोडी लांबवतो. तू तोपर्यंत वरच्या नळीत काही पडू देऊ नको. नट आत गेला तर इंजिन खाऊन टाकेल.

कुंदा: मला आत जायचंय, दूध ठेवलंय गॅसवर. तुम्हीच काही तरी कोंबा तिथं.

प्रेमराज: जा. कोंबतो. चिंधी-बिंधी सापडते का बघतो... आली का परत? एवढ्यात?

कुंदा: एवढ्यात काय, दूध उतू गेलं, पुसलं, सारिकाला चहा दिला, पोरगी एकदा उठून पुन्हा झोपली. तुमचं झालं का?

प्रेमराज: झालं. बघ. चारही नट. नवं पॅकिंग. काळा कुळकुळीत. कसा दिसतो?

कुंदा: म्हाताऱ्याला नवी कवळी बसवल्यासारखा.

प्रेमराज: आता तू फक्त बाजूला उभी राहा आणि कौतुक कर. सेल मारतो... खर्रर्र... चल गं... खर्रर्र... घेतलं! घेतलं... गेलं.

कुंदा: काय झालं?

प्रेमराज: लाजून राहिली. नवी वस्तू अंगावर आहे ना. पुन्हा मारतो... खर्रर्र... फुस्स. असं का करते ही?

कुंदा: दमल्यासारखं करून राहिली. नाक दाबल्यावर माणूस करतो तसं.

प्रेमराज: आता तू मला इंजिन शिकव.

कुंदा: शिकवत नाही. वास घ्या. लोकर जळल्याचा वास येतोय.

प्रेमराज: रंगाचा वास आहे तो. नव्या सायलेन्सरचा रंग पहिल्यांदा जळतोच.

कुंदा: रंगाचा नाही हो. मी स्वेटर इस्त्रीनं जाळलंय, मला माहीत आहे. बरं, आबांचा मफलर कुठंय? सकाळी धुऊन दोरीवर टाकला होता.

प्रेमराज: कोणता?

कुंदा: तपकिरी. एकच आहे त्यांच्याकडे.

प्रेमराज: कुंदा.

कुंदा: काय?

प्रेमराज: तूच मघाशी वाचलंस ना, डब्यावर काय लिहिलंय?

कुंदा: अहो! तुम्ही आबांचा मफलर नळीत कोंबला?

प्रेमराज: दोरीवर हाताशी तेवढाच होता.

कुंदा: आणि काढायचा विसरलात?

प्रेमराज: विसरलो नाही. वर सायलेन्सर बसवला म्हणून दिसला नाही. दिसला असता तर काढलाच असता. अगं, हसतेस काय, पाना दे. चारही नट पुन्हा काढायचेत.

कुंदा: मफलरखाली मफलर! हे मी सारिकाला सांगून येते.

प्रेमराज: सारिकाला सांग, पण जावयांना सांगू नको. तिथं माझी थोडी इज्जत आहे, ती पुण्यातच राहू दे... हां. निघाला. बघ. एक टोक तेवढं जळालंय, बाकी चांगला आहे.

कुंदा: बाकी चांगला? धुराड्यातून उंदीर काढल्यासारखा दिसतोय.

प्रेमराज: घडी घालून वर ठेव. आबांना नवा आणतो. सायलेन्सर बसवला... आवळला... आता सेल मारतो आणि या वेळेला मीच गप्प बसतो.

कुंदा: मारा की मग.

प्रेमराज: मारला.

कुंदा: चालू झालं?

प्रेमराज: मला पण तेच विचारायचं होतं. थांब... झालं! अगं चालू आहे! वर बघ, धूर येतोय. कुंदा, मी तुझ्याशी बोलून राहिलो आणि तुला ऐकू येतंय!

कुंदा: खरंच की हो. नुसतं बुडबुडबुड. हुक्का ओढल्यासारखं.

प्रेमराज: पोरगी?

कुंदा: सारिका खिडकीतून हात करते. झोपलीय. हललीसुद्धा नाही.

प्रेमराज: बघितलं? मिस्तरी लागतो म्हणे! सांग गावाला, प्रेमराजनं तोफेचा मासा केला. पाणी दे गं प्यायला, आज जरा मोठ्या पेल्यात दे.

कुंदा: देते. आबांना पण चहा देऊन येते. सकाळपासून काही घेतलं नाही त्यांनी.

प्रेमराज: जा. मी जरा ऐकत बसतो हिला... काय गं? एवढी सोज्वळ झालीस तू? काल गावभर बोंबलत फिरत होतीस, आज सासरी आल्यासारखी. मला करमणार नाही हां तुझ्या शिव्यांशिवाय. नाल्यात उतरल्यावर लोटन ओरडायचा, बंद कर रे ती. आता लोटन काय ओरडेल? त्याचा पण धंदा बसला... आली का? पाणी कुठंय?

कुंदा: पाणी राहू द्या. पहिले पुढं चला.

प्रेमराज: का? आबा पडले का?

कुंदा: पडले नाहीत. पिशवी भरून बसलेत. दोन धोतरं, सदरा, गोळ्यांचा डबा. काठी हातात. म्हणतात, एडलाबादची गाडी कधी आहे? भागाअक्कांकडे जायचंय.

प्रेमराज: अचानक बहिणीकडे? काय झालं?

कुंदा: म्हणतात, ज्या घरात माझी तोफ नाही, तिथं माझं काय काम? विकायच्या आधी मला विचारलं पण नाही.

प्रेमराज: विकली? कोण म्हणालं विकली?

कुंदा: लोटनभाऊ येऊन गेले. त्यांनी हातानं स्टेअरिंग फिरवून दाखवलं आणि मग हात झटकले. गेली, म्हणून. तुम्ही लोटनभाऊंना काय सांगितलं होतं सकाळी?

प्रेमराज: काही नाही गं. ते रस्त्यानं जात होते. म्हणाले, काय प्रेमराज, आज तोफ शांत? मी म्हटलं...

कुंदा: काय म्हटलं?

प्रेमराज: म्हटलं, विकून टाकली भाऊ, सकाळीच शिरपूरचा माणूस घेऊन गेला. गंमत केली. आडवा दरवाजा होता, त्यांना दिसत नव्हतं. मला काय माहीत, त्या बाबाला नेमकी आजच खबर पोचवायची हौस येईल!

कुंदा: आणि म्हातारा माणूस सकाळपासून कान देऊन बसलाय, आवाज येत नाही. मग खरंच वाटणार ना? अहो, हसताय काय? त्यांच्या डोळ्याला पाणी होतं.

प्रेमराज: हसत नाही. तोंडच असं आहे माझं. सरक, गेट उघड. तोफ पुढं घेतो. डोळ्यांनी बघतील तेव्हा तरी पटेल.

(घरापुढे. ट्रॅक्टर ओट्याला लागून, चालू. पुना आबांच्या मांडीवर पिशवी. त्यांच्याशी बोलणं अहिराणीत.)

प्रेमराज: आबा! दखा! कोठे गयी तोफ? ही काय, अठेच शे!

पुना आबा: कोनी ढकली?

प्रेमराज: कोनी नही ढकली! चालू शे!

पुना आबा: काय?

प्रेमराज: चालू शे, चालू!

पुना आबा: तू चालू शे, हाई माले माहीत शे. मी ट्रॅक्टरनं इचारी राहिनू.

कुंदा: घ्या.

पुना आबा: मांगे कोन शेतस? लोटन, नीघ भायेर. तुना पाय मी वळखस.

प्रेमराज: कोनी नही आबा मांगे! हाई दखा, एक बी पाय नही! इंजिन चालू शे! नवा सायलेन्सर बसाडा! न... वा...!

पुना आबा: इकेल ट्रॅक्टर एक दिन मांगीसन लयना, माले दखाडाले. माले समजस.

कुंदा: विकलेलं एक दिवस मागून आणलंत, म्हणतात.

प्रेमराज: इकं नही आबा! लोटनशी मी गंमत करी! गंमत!

पुना आबा: हा. तशीच गंमत व्हई. एडलाबादनी गाडी कव्हय शे?

प्रेमराज: आबाऽऽ! मी! खरं! बोली! राहिनूऽऽ!

कुंदा: झालं. उठवली पोरगी.

प्रेमराज: कोणी?

कुंदा: तुम्ही! ऐका, कशी रडून राहिली. अख्खा दिवस घालवून ट्रॅक्टरचा सायलेन्सर बदलला, आता तुमचा बदला. धुळ्यात मिळतो का बघा.

प्रेमराज: मिळाला तरी भोकं जुळायची नाहीत.

कुंदा: आता अजिबात ओरडायचं नाही. खुणा करा.

प्रेमराज: खुणा करतो. बघ, हे इंजिन... हे फिरतं... हा धूर वर...

पुना आबा: काय नाचस? काही चावनं का तुले?

कुंदा: तुमच्या खुणा पण तुमच्यासारख्याच आहेत. अहो, त्यांचा हात धरा आणि बॉनेटवर ठेवा.

प्रेमराज: ठेवतो. या आबा. हां. लागलं? गरम?

पुना आबा: ऊनमा तपेल शे.

प्रेमराज: बघ. सूर्य पण माझ्या विरोधात आहे. कुंदा, मी आयुष्यभर खोटं बोललो तर एका सेकंदात पटायचं. आज खरं बोलतोय तर घसा फुटला. मला सवयच नाही गं याची. खोटं कसं, तेल लावल्यासारखं जातं.

कुंदा: ते मला काय सांगता, त्या खोट्याचा ताप मलाच होतो. त्यांना वर बसवा.

प्रेमराज: सीटवर? या वयात?

कुंदा: तुमच्या आधी तेच चालवत होते ना ती? बसवा. मी या बाजूनं धरते.

प्रेमराज: आबा, चला. वर. वर!

पुना आबा: कोठे? गाडी उनी का?

प्रेमराज: हो हो, गाडीच आली. पाय द्या इथं.

कुंदा: पुन्हा खोटं?

प्रेमराज: गाडीच आहे की. एसटी म्हटलं का मी? धर, धर त्यांना. पिशवी सोडत नाहीयेत. असू दे, पिशवीसकट चढवू. हां. दुसरा पाय.

कुंदा: अहो, नीट धरा, पडतील!

प्रेमराज: धरलंय की.

कुंदा: तुम्ही चाक धरलंय! आबांना धरा!

प्रेमराज: चाक पण घसरतं गं कधी कधी... बसले. बसले बघ. कसे बसले. जसे काही कालच उतरले होते.

कुंदा: गप्प. बघा त्यांच्याकडे.

प्रेमराज: पिशवी खाली ठेवली त्यांनी.

कुंदा: हात कुठं चाललाय त्यांचा?

प्रेमराज: हॅन्डल ओढतायत. रेस देणार... दिली! आबा, हळू!

पुना आबा: थरथरी राहिनं.

कुंदा: हो आबा.

पुना आबा: पायमा बी. कंबरमा बी... जित्तं शे रे हाई. मरेल नही. इकेल बी नही.

प्रेमराज: तेच तर सांगत होतो दोन तासांपासून.

पुना आबा: मंग आवाज कोठे गया तिना?

कुंदा: थांबा, मी सांगते. तुम्ही तोंड उघडू नका. आबा, हे बघा. हा नवा. हा काळा. आणि ही... सारिका, दे गं तिला इकडं. ही बघा. ही झोपत नव्हती. अशी दचकायची. अशी.

पुना आबा: पोरकरता?

कुंदा: हो.

पुना आबा: मंग नीट तोंडथून सांगानं ना. हाई गंमत कसाले करस रे? पोरले नींद पाहिजेच. आवाजथून पोरना काळीज लहान व्हस... आन रेस कमी कर. धूर करी राहिना पोरना अंगवर.

प्रेमराज: रेस तुम्हीच दिली आबा.

कुंदा: गप्प बसा ना.

पुना आबा: उतार माले खाले.

प्रेमराज: धर गं. सावकाश. हां, ओट्यावर टेका. झालं. बंद करतो तोफ, फुकट डिझेल जातंय.

कुंदा: बघा, पोरगी पण शांत झाली. पटलं त्यांना. आता चहा घेतील.

प्रेमराज: घेतील. मी म्हटलंच होतं, डोळ्यांनी बघतील आणि हसतील.

कुंदा: हसत नाहीयेत ते.

पुना आबा: प्रेमराज.

प्रेमराज: हां आबा?

पुना आबा: हाई बठ्ठं बराबर शे. पन आते माले कसं समजी रे, तू वावरमाथून घर उना का नही?

कुंदा: तुम्ही घरी आलात हे त्यांना कसं कळणार, हेच म्हणत होते मी सकाळी.

पुना आबा: रातले नाल्याले पानी ऱ्हास, इंचूकाटा ऱ्हास. मी अठे बसीसन आयकस. तोफ वाजनी म्हनजे पोऱ्या जित्ता शे. आते काय आयकू?

प्रेमराज: मी यीसन सांगसू ना आबा तुमले.

पुना आबा: काय? ओठ हालाड नीट.

प्रेमराज: मी. यीसन. सांगसू.

पुना आबा: तू सांगशी?

प्रेमराज: हां.

पुना आबा: आन मी खरं मानसू?

कुंदा: बोला आता यावर.

प्रेमराज: काय बोलू?

कुंदा: काही तरी बोला की. तुम्हाला तर दर वेळेस सुचतं.

प्रेमराज: सुचतं ते सगळं खोटंच असतं. खरंच.

पुना आबा: तोफ कव्हय खोटं बोलनी नही. उनी म्हनजे उनी. तू नालामा बुडी गया तरी म्हनशी, गंमत व्हती... जाऊ दे. तू बोलूच नको मनासंगे. उना म्हनजे असा मांगेथून ये, आन अठे हात ठेव. खांदावर. बस.

प्रेमराज: एवढंच?

पुना आबा: काय बोलना?

कुंदा: काही नाही आबा. हो म्हणाले.

प्रेमराज: मी हो कुठं म्हणालो?

कुंदा: मान हलवली तुम्ही. जा, हात धुऊन या हौदावर. कोपरापर्यंत काळे आहेत. त्या हातांनी ठेवलात तर सदरा मला धुवावा लागेल.

प्रेमराज: आत्ताच ठेवायचा?

कुंदा: मग कधी? होळीला? जा.

प्रेमराज: जातो.

पुना आबा: कोठे गया तो?

कुंदा: येतायत आबा. हात धुवायला गेलेत. हात, हात.

पुना आबा: पिशवी भितर ठेव बाई. गोळ्या वर काढी ठेव, राती लागतीस. आन भागाले सांगू नको काही, ती इनाकारण रडी... मना मफलर कोठे शे? कानले वारा लागी राहिना.

कुंदा: मफलर... मफलर वाळतोय आबा. अजून ओला आहे. पदर गुंडाळू का? नको? बरं.

पुना आबा: तू बी त्यानासारखी बोलाले लागनी.

कुंदा: काय करू आबा, एका घरात राहायचं म्हणजे... आले. अहो, बोलू नका. मागून या. ओले हात झटका. हां. ठेवा. नुसता ठेवा.

पुना आबा: उना का?

कुंदा: बोलू नका म्हटलं ना.

पुना आबा: हात कितला गार शे रे तुना. ये, अठे बस. ऊन शे आजून.